टोमॅटोची प्युरी वर्षभर टिकवायची तर: बरणी भरण्याची क्रमवार पद्धत

नारायणगाव, पिंपळगाव बाजूला टोमॅटोचा भाव पडला की आठवड्याभरात आमच्या गल्लीत कॅरेटं उतरायला लागतात. वीस किलोंचं कॅरेट दारात येतं आणि त्याच संध्याकाळी मला फोन सुरू होतात. बाटली गरम असतानाच उलटी ठेवली की पुरे ना? वर तेलाचा थर दिला तर? कुकरला तीन शिट्ट्या काढल्या तर? दरवर्षी हेच प्रश्न, आणि दरवर्षी कुणाच्या तरी घरी फुगलेली झाकणं. म्हणून सगळी पद्धत एकदा क्रमाने लिहून काढते आहे.

आधी धोका समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्याच्यासाठीच आहे. मातीत बोटुलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, जंतू असतात. त्यांचे बीजाणू, म्हणजे जंतूंचं चिवट, झोपलेलं रूप, साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवा नसलेली, घट्ट बंद, घराच्या तापमानाला ठेवलेली बरणी ही त्यांना वाढायला नेमकी सोयीची जागा. तिथे ते जे विष तयार करतात त्याला वास नसतो, रंग नसतो आणि चवीवरूनही ते कळत नाही. त्यांना रोखणारी गोष्ट म्हणजे आंबटपणा. आंबटपणा मोजतात तो पीएचमध्ये, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. पदार्थाचा पीएच ४.६ च्या खाली असेल तर हे बीजाणू वाढू शकत नाहीत. टोमॅटो आपल्याला आंबट लागतो खरा, पण त्याचा पीएच या रेषेच्या आसपासच असतो, कधी अलीकडे तर कधी पलीकडे. वाण, पिकलेपणा, तोडणीनंतर गेलेले दिवस या सगळ्यांनी तो हलतो. जिभेला हा फरक समजत नाही. त्यामुळे प्रत्येक बरणीत मोजून आम्ल घालायचं आणि प्रत्येक बरणी मोजून तेवढी मिनिटं उकळायची. या दोन्हींत अंदाज नको.

१. भांडी आणि बरण्या: टोमॅटो आणण्याच्या आधी

बरणी जाड काचेची, खास साठवणीसाठी बनवलेली घ्या. मेसन जार या नावाने ती मिळते. तिचं झाकण दोन भागांचं असतं: कडेला रबरासारखा थर असलेली सपाट चकती आणि तिला धरून ठेवणारी रिंग. रिंग वर्षानुवर्षं चालते. चकती मात्र एकदाच वापरायची, कारण तिच्या थरावर बरणीच्या काठाचा ठसा उमटतो आणि दुसऱ्या वेळी ती धड बसेल याची खात्री राहत नाही. जॅमच्या, कॉफीच्या, मधाच्या रिकाम्या बाटल्या या कामाला नकोत. काच पातळ असते आणि झाकणाची जात वेगळी. त्यात डाळी भरा.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी ५०० मिलिच्या बरण्या घ्याव्यात. चार माणसांच्या घरात एक उघडली की दोन-तीन दिवसांत संपते.

याशिवाय लागेल ते:

- उंच पातेलं. बरणीखाली जाळी, बरणीवर किमान अडीच सेंमी पाणी आणि वर उकळीला जागा, असं धरून आतून साधारण २२ सेंमी खोल. मोठ्या कुकरचं भांडं चालतं, पण फक्त भांडं. कुकरचं झाकण आणि शिट्टी बाजूला ठेवा, वर साधी ताटली ठेवा.
- तळाला ठेवायला जाळी. नसेल तर जाड सुती फडक्याची घडी.
- बरणी उचलायचा चिमटा. नेहमीची सांडशी बरणीच्या गळ्याला नीट धरत नाही, निसटते.
- मोजमापाच्या चमच्यांचा संच, खाद्य दर्जाचं सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्व, आणि घड्याळ.
- स्टीलचं पुरणयंत्र किंवा बारीक चाळणी.

ॲल्युमिनियम, पितळ, तांबं, लोखंड यांत टोमॅटो आटवू नका. आम्ल धातूला लागतं आणि प्युरीला धातूची चव येते.

तपासा: प्रत्येक बरणीच्या काठावरून बोट फिरवा. नखाला अडेल एवढीही टवका उडालेली जागा असेल तर ती बरणी बाद. डोळ्यांना न दिसलेला टवका बोटाला लागतो.

सिलिंडर किती भरलेला आहे तेही आत्ताच बघा. मध्येच गॅस संपला तर काय होतं ते पुढे येईलच.

२. टोमॅटो निवडणं

दूरच्या बाजारासाठी पिकवलेला लांबट, जाड सालीचा, गर भरपूर आणि पाणी कमी असा टोमॅटो प्युरीला उत्तम. गावठी टोमॅटोला चव असते, पण पाणी जास्त, त्यामुळे आटवायला वेळ जातो.

पातळसर प्युरीच्या एका ५०० मिलि बरणीला सुमारे १.२ किलो टोमॅटो लागतो, दाट प्युरीला दीड किलोच्या आसपास. पहिल्या खेपेला अख्खं कॅरेट काढू नका. पाच किलो घ्या, चार बरण्या होतील, तेवढ्यात हात बसेल.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे "सडायला लागलेत, तर प्युरी करून टाकू." अतिपिकलेल्या, फुटलेल्या, बुरशी धरलेल्या टोमॅटोचा आंबटपणा उतरलेला असतो. नुसता डाग कापून काम भागत नाही. तसंच वाळून गेलेल्या झाडावरचे टोमॅटो घेऊ नका. उलट कच्चट असतील तर दोन-तीन दिवस सावलीत, एकेरी थरात पसरून ठेवा, फ्रिजमध्ये नको. साठवणीला घट्ट, लाल, देठाजवळ न फुटलेला टोमॅटोच घ्यायचा. बाजूला काढलेले आजच्या सारात घाला, मात्र बुरशी धरलेला असेल तो फेकाच.

३. धुणं आणि शिजवणं

टोमॅटो वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. बादलीत बुडवून काढणं म्हणजे माती एकाची दुसऱ्याला लावणं. देठाचा भाग आणि बारीकसारीक डाग काढून टाका.

आता क्रम नीट वाचा, कारण प्युरी दाट राहणार की बरणीत खाली पाणी आणि वर चोथा अशी फुटणार, हे इथेच ठरतं. टोमॅटो कापला की त्यातलं एक एन्झाइम लगेच कामाला लागतं आणि दाटपणा देणारं पेक्टिन तोडायला लागतं. उष्णतेने ते थांबतं. म्हणून सगळे टोमॅटो आधी चिरून परातीत ढीग करून ठेवायचा नाही.

पातेलं मोठ्या आचेवर ठेवा. अर्धा किलो टोमॅटो पटकन चौफोड चिरून थेट पातेल्यात टाका आणि पळीच्या पाठीने ठेचत उकळी आणा. रस सुटून खळखळायला लागला की पुढचे चार-पाच चिरा, टाका, ढवळा. उकळी मोडणार नाही अशा बेताने थोडे थोडे घालत राहा. एकाने चिरायचं आणि एकाने ढवळायचं असं दोघांनी केलं तर काम सोपं जातं. सगळे पडल्यावर पाच मिनिटं मंद उकळू द्या.

मग गरम असतानाच पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा. साल आणि बिया वर राहतात. मिक्सरमध्ये फिरवलेल्या प्युरीत हवा भरते आणि बियांचा कडवटपणा उतरतो, मी तो मार्ग सोडून दिला आहे.

४. आटवणं

गाळलेला रस परत आचेवर. एक तृतीयांश आटला की पातळसर प्युरी, निम्मा आटला की दाट. सुरुवातीला लाकडी उलथन्याचा दांडा पातेल्यात उभा धरून रस कुठवर आहे तिथे खूण करा, म्हणजे किती आटलं ते कळेल. तळाला लागू नये म्हणून शेवटी शेवटी हात थांबवायचा नाही.

इशारा: निम्म्याच्या पुढे आटवू नका. घट्ट गोळ्यासारख्या गरात उष्णता मध्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो आणि पुढे दिलेली मिनिटं त्याला पुरत नाहीत.

इशारा: यात कांदा, लसूण, आलं, सिमला मिरची, तेल, बटर, कॉर्नफ्लोअर काहीही घालायचं नाही. भाज्यांनी आंबटपणा उतरतो, पिठाने आणि तेलाने उष्णता पोचायला अडथळा होतो. फोडणी बरणी उघडल्यावर. हवं तर ५०० मिलिला अर्धा टीस्पून मीठ घाला, ते फक्त चवीपुरतं असतं, टिकण्याशी त्याचा संबंध नाही.

प्युरी आटत असताना दुसऱ्या शेगडीवर उंच पातेल्यात पाणी तापायला ठेवा आणि साबणाने धुतलेल्या बरण्या त्यातच आडव्या सोडा, म्हणजे भरायच्या वेळी त्या गरम असतील. पाणी जड असेल तर त्यात दोन चमचे व्हिनेगर टाका, नाहीतर काचेवर पांढरी पुटं चढतात.

५. आम्ल: प्रत्येक बरणीत, मोजून

५०० मिलिच्या बरणीत पाव टीस्पून लिंबूसत्व, एक लिटरच्या बरणीत अर्धा टीस्पून. चमचा मोजमापाचा, सपाट भरलेला. चहाच्या घरगुती चमच्याचा "पाव" प्रत्येक घरी वेगळा असतो.

लिंबूसत्व रिकाम्या गरम बरणीच्या तळाशी आधी टाकायचं, वर प्युरी ओतायची. पातेल्यात एकदम घालून ढवळलं तर कुठल्या बरणीत किती गेलं ते सांगता येत नाही. आधी सगळ्या बरण्यांत सत्व टाकून मगच पळी हातात घ्या, म्हणजे एखादी राहून जाणार नाही. हे मी ठरवून करते, कारण एका वर्षी सहा बरण्या भरून झाल्यावर पाचवीत घातलं होतं की नाही हे आठवेना. ती बरणी त्याच रात्रीच्या रश्शात गेली.

ताजं लिंबू पिळून चालेल का? नाही. एका लिंबाचा आंबटपणा दुसऱ्यासारखा नसतो. चिंच, आमसूल, दही यांचंही तेच. आणि सोडियम बेंझोएट या टिकवणीच्या पावडरीची चिमूट ही आम्ल आणि उकळी यांची जागा घेत नाही.

चव जास्त आंबट वाटली तर भाजी करताना गुळाचा खडा टाका. आम्ल कमी करू नका.

६. भरणं

प्युरी उकळती हवी. कोमट प्युरी भरली तर पुढची सगळी गणितं चुकतात.

एक बरणी पाण्यातून काढा, पाणी निथळून टाका, लाकडी पाटावर किंवा घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. ओट्याच्या दगडावर कधीही नाही. माझी एक गरम भरलेली बरणी मी घाईत ग्रॅनाइटवर टेकवली होती. बारीक "टिक्" असा आवाज आला, आणि उचलली तेव्हा तळ गोल चकतीसारखा ओट्यावर राहिला, बाकी बरणी हातात. उकळता रस ओट्यावरून पायापर्यंत आला. त्या दिवसापासून बरण्या भरताना मुलांना स्वयंपाकघरात येऊ देत नाही.

काठापासून ६ मिमी जागा रिकामी सोडून भरा, म्हणजे करंगळीच्या अर्ध्या रुंदीएवढी. काठोकाठ भरलं तर उकळताना प्युरी झाकणाखालून बाहेर येते आणि झाकण बसत नाही. फार रिकामी ठेवली तर सगळी हवा बाहेर पडत नाही. लाकडी किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने आत फिरवून अडकलेले बुडबुडे सोडवा आणि पातळी खाली गेली तर पुन्हा भरा. सुरी वापरू नका, काचेला ओरखडा पडतो.

आता स्वच्छ ओल्या फडक्याने काठ पुसा. चकती ठेवा, रिंग फिरवा. बोटांच्या जोराने बसेल इतकीच, मनगट लावायचं नाही. उकळताना आतली हवा याच फटीतून बाहेर जायची असते.

तपासा: काठावर बियांचा एक कण जरी राहिला तरी झाकण धरत नाही. पुसलेलं फडकं बघा, लाल डाग आला तर पुन्हा पुसा.

७. उकळत्या पाण्यात: खरी पायरी ही

बरण्या उभ्याच धरून, एकमेकींना न टेकता, जाळीवर सोडा. पाणी गरम असावं, पण या क्षणी खळखळतं नको. झाकणांच्या वर अडीच ते पाच सेंमी पाणी हवं, कमी असेल तर किटलीतलं उकळतं पाणी कडेने ओता. पातेलं झाका, आच मोठी करा.

मिनिटं मोजायची ती पाणी पुन्हा खळखळून उकळायला लागल्यापासून. बरण्या पाण्यात सोडल्यापासून नव्हे. ही चूक इतकी सर्रास होते की पाव तास आयताच कमी पडतो.

किती मिनिटं, ते तुमचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे त्यावर ठरतं. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, पुण्यात साधारण ९८ अंशांना. ५०० मिलिच्या बरणीला:

- ३०५ मीटरपर्यंत (मुंबई, रत्नागिरी, पणजी): ३५ मिनिटं
- ३०५ ते ९१५ मीटर (पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव): ४० मिनिटं
- ९१५ ते १८३० मीटर (महाबळेश्वर, पाचगणी): ४५ मिनिटं

लिटरच्या बरणीला प्रत्येक ठिकाणी ५ मिनिटं जास्त. नागपूर ३०५ च्या रेषेवरच येतं, तिथे ४० धरा. बंगळुरूला राहणाऱ्यांनी ४५ धरावीत, ते शहर ९१५ च्या जरा वरच आहे. आपल्या गावाची उंची माहीत नसेल तर वरचा आकडा घ्या.

मध्येच उकळी मोडली, सिलिंडर संपला, इंडक्शनची वीज गेली, तर पुन्हा उकळी आल्यावर शून्यापासून मोजायचं. आधीची वीस मिनिटं धरायची नाहीत.

इशारा: कुकरची शिट्टी हा पर्याय नाही. घरातला कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो, बरणीच्या मध्याला किती वेळ किती उष्णता मिळाली ते त्यात सांगता येत नाही. गरम प्युरी भरून बरणी उलटी ठेवणं हाही पर्याय नाही. त्याने झाकण चिकटतं आणि आपल्याला सुरक्षित वाटतं, तेवढंच.

८. काढणं आणि निववणं

वेळ झाली की गॅस बंद, झाकण काढा आणि पाच मिनिटं बरण्या पाण्यातच राहू द्या. लगेच उचलल्या तर आतला रस उसळून बाहेर येतो.

मग एकेक सरळ उचलून टॉवेलवर ठेवा, दोन बरण्यांत दोन बोटं अंतर ठेवून. वरचं पाणी निथळावं म्हणून तिरकी करू नका. पंखा बंद. रिंगा पुन्हा आवळायच्या नाहीत, झाकणावर बोट दाबून बघायचं नाही. १२ ते २४ तास हात लावायचा नाही. थोड्या वेळाने एकेक झाकण आत ओढलं जातं आणि "टक्" असा आवाज येतो. घरात सगळे कान देऊन बसतात. आवाज आला नाही म्हणून घाबरू नका, काही झाकणं गुपचूप बसतात.

९. दुसऱ्या दिवशीची तपासणी

झाकणाच्या मधोमध दाबा. ते आधीच आत गेलेलं असेल आणि हलत नसेल तर ठीक. दाबल्यावर खाली-वर होत असेल तर बसलेलं नाही. मग रिंग काढा आणि नुसत्या चकतीच्या कडेला बोटांनी धरून बरणी जरा उचलून पाहा, टेबलाच्या अगदी जवळून.

न बसलेली बरणी लगेच फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा किंवा फ्रीझरला टाका. २४ तासांच्या आत नवी चकती लावून, प्युरी पुन्हा उकळून, पूर्ण मिनिटं परत देता येतात, पण एका बरणीसाठी एवढा गॅस जाळावासा मला तरी वाटत नाही.

बसलेल्या बरण्या धुवा, पुसा, रिंगा काढूनच ठेवा. रिंग राहिली तर तिच्याखाली गंज धरतो आणि झाकण सुटलं असेल तरी कळत नाही. तारीख लिहा.

जागा अंधारी, कोरडी, थंड हवी. पत्र्याच्या छपराखालचा माळा उन्हाळ्यात तापतो. ३५ अंशांच्या वर जाणारी कुठलीही जागा नको. विदर्भ-मराठवाड्यात खालच्या कपाटाचा तळकप्पा बरा. एकावर एक रचू नका. वर्षाच्या आत वापरून संपवा.

१०. उघडताना

आधी बघा: झाकण आत आहे ना, कडेला ओघळ आहे का, स्थिर बरणीत बुडबुडे वर येतायत का. उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज यायला हवा. उलट रस उडाला, फेस आला, बुरशी दिसली किंवा वास वेगळा वाटला तर ती बरणी टाकायची. चाखून खात्री करायची नाही, चमच्याच्या टोकानेही नाही. बुरशी वरून काढून खालचं वापरायचं नाही. पिशवीत घट्ट बांधून टाका, गाईला किंवा कुत्र्याला घालू नका, आणि हात व ओटा साबणाने धुवा. घरात कुणाला असं काही खाल्ल्यानंतर दोन-दोन दिसायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलताना किंवा गिळताना अडखळायला लागलं, तर वाट न बघता रुग्णालयात न्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवायची, चार-पाच दिवसांत संपवायची.

ही पद्धत फक्त टोमॅटोच्या साध्या प्युरीची आहे

एकदा बरण्या छान बसल्या की पुढचा फोन येतो: याच पद्धतीने मटार भरू का, मक्याचे दाणे, तयार ग्रेव्ही, शिजवलेली डाळ, ओल्या नारळाचं वाटण, चिकनचा रस्सा? नाही. हे सगळे कमी आंबट पदार्थ आहेत. उकळत्या पाण्यात तासभर ठेवले तरी त्यांतले बीजाणू जिवंत राहतात. त्यांना दाबाखाली १२१ अंशांच्या आसपासची उष्णता आणि त्यासाठी बनवलेलं वेगळं उपकरण लागतं. मटार वाफवून फ्रीझरमध्ये ठेवा, ग्रेव्ही डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. आणि ज्यांच्याकडे बरण्या नाहीत किंवा एवढा वेळ नाही, त्यांनी टोमॅटोची प्युरीसुद्धा पिशव्यांत सपाट पसरून फ्रीझरलाच टाकावी. तिथे लिंबूसत्वही लागत नाही.